पंचावन्न हजारांचा गेमिंग संगणक आणि अमळनेरचा उन्हाळा

दहावीचा शेवटचा पेपर झाला त्याच संध्याकाळी भाच्याने वहीचे एक पान माझ्यापुढे ठेवले. त्यावर गेमिंग संगणकाच्या भागांची यादी होती आणि खाली बेरीज होती ८७ हजार. त्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या भावाने, ५५ हजारांच्या वर एक रुपया मिळणार नाही असे आधीच बजावले होते. मी पतसंस्थेत हिशेब पाहते, आणि तिथला संगणक रुसला की झाकण उघडून आत डोकावण्याची सवय मला बऱ्याच वर्षांपासून आहे; त्यामुळे "फुई (आत्या), आता तूच बसव गणित," असे म्हणून त्याने ते पान माझ्या गळ्यात टाकले. ही २०२४ च्या मार्चअखेरची गोष्ट आहे. पुढे जे भाव येतील ते तेव्हाचे आहेत. २०२५ च्या अखेरीस रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) आणि एसएसडी (गेम, फायली साठवणारी डिस्क) यांचे दर ज्या रीतीने भडकले ते पाहता आज हीच यादी त्या पैशांत बसणार नाही, परंतु भाग निवडण्यामागचा विचार तोच राहील.

भाच्याची यादी चुकीची नव्हती, ती दुसऱ्या कोणाच्या तरी घरासाठी होती. व्हिडिओ पाहून ती तयार केलेली होती, आणि त्या व्हिडिओंतली माणसे वातानुकूलित खोलीत, २२-२४ अंशांत, संगणक तपासत असतात. आमच्या घरात मे महिन्यात दुपारी तीन वाजता भिंतीवरचा तापमापक ४० च्या पुढे असतो, आणि बाहेर जळगाव जिल्ह्याचा नेहमीचा ४४-४५ अंशांचा वणवा असतो. प्रोसेसर, म्हणजे संगणकाची मुख्य चिप, त्यावरचा पंखा हवा थंड करत नाही, तो केवळ आतली उष्णता खोलीतल्या हवेत नेऊन टाकतो. त्यामुळे २२ अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ७० अंशांवर चालतो, तोच ४० अंशांच्या खोलीत साधारण ८८ वर जातो. हा १८ अंशांचा फरक कोणत्याही यादीत लिहिलेला नसतो. त्यात भर म्हणजे संगणक जितकी वीज घेतो ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन त्याच दहा बाय बाराच्या खोलीत उतरते. म्हणून कमी वॅटचे भाग घ्यायचे, आणि दिखाव्यावरचे पैसे काढून वीज आणि हवा यांच्यावर घालायचे, एवढे मी पहिल्या दिवशी ठरवून टाकले.

त्याआधी शहरातल्या एका दुकानात आम्ही चौकशी करून आलो होतो. तिथे २३ हजारांत "आय७ गेमिंग पीसी, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड" असा तयार डबा मांडून ठेवला होता आणि त्यातले रंगीत दिवे पाहून भाच्याचे डोळे मोठे झाले होते. मी मॉडेलचा पूर्ण क्रमांक विचारला तेव्हा दुकानदाराने थोडे आढेवेढे घेतले. तो आय७-३७७० निघाला, म्हणजे २०१२ चा. चार कोअर (हिशेब करणारे स्वतंत्र भाग) आणि आठ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामे) त्यालाही आहेत आणि २०२२ मध्ये आलेल्या आय३-१२१००एफ या साध्या प्रोसेसरलाही आहेत, पण दोघांमध्ये दहा वर्षांचे अंतर आहे, आणि वेगात हा नवा आय३ त्या जुन्या आय७ ला कुठल्या कुठे मागे टाकतो. शिवाय त्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालतच नाही. पडद्यावरची चित्रे काढणारे ग्राफिक्स कार्ड जीटी ७३० होते. त्यावर ४ जीबी मेमरी आहे हे खरे, पण ती संथ जातीची आहे आणि कार्डाच्या चिपमध्ये तेवढी मेमरी वापरण्याची ताकदच नाही. बैल मरतुकडा असताना गाडी मोठी घेण्यासारखा हा प्रकार आहे. आय३, आय५, आय७ हे आकडे एकाच पिढीतल्या भावंडांची तुलना करण्यापुरते खरे असतात, आजोबा आणि नातू यांची तुलना त्यांनी करता येत नाही.

प्रोसेसरचा प्रश्न मग आय३-१२१००एफ आणि एएमडीचा रायझन ५ ५६०० या दोघांवर येऊन थांबला. आय३ साडेतीन हजारांनी स्वस्त होता आणि केवळ आज खेळले जाणारे गेम पाहिले तर तो पुरलाही असता. पण हा संगणक मुलगा बारावी आणि पुढचे शिक्षण होईपर्यंत वापरणार आहे हे धरून मी सहा कोअर आणि बारा थ्रेडचा ५६०० घेतला. त्याची नोंदलेली उष्णताही ६५ वॅट इतकीच आहे. यात ५६००जी नावाचा एक जुळा दिसणारा भाऊ आहे, त्याच्याशी गल्लत होऊ देऊ नये. ५६००जी मध्ये ग्राफिक्स आतच असतात, परंतु एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) ३२ ऐवजी १६ एमबी असते, आणि वेगळे कार्ड जोडल्यावर तो साध्या ५६०० च्या मागे पडतो. ज्यांच्याकडे एकूण ३० हजारच आहेत आणि कार्ड वर्षभराने घेता येणार आहे त्यांनी मात्र ५६००जी च घ्यावा, कारण साध्या ५६०० मधून कार्डाशिवाय पडद्यावर काहीच येत नाही.

मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडले जातात तो बोर्ड, बी४५० मालिकेतला घेतला. ही मालिका २०१८ ची आणि प्रोसेसर २०२२ चा, त्यामुळे बोर्डाचे बायोस (संगणक सुरू करणारे बोर्डातले सॉफ्टवेअर) जुने असेल तर त्याला हा प्रोसेसर ओळखूच येत नाही. खोक्यावर "रायझन ५००० डेस्कटॉप रेडी" अशी पट्टी आहे की नाही हे पाहूनच पैसे द्यावेत. या बोर्डावरचे एएम४ हे सॉकेट (प्रोसेसर बसवण्याची जागा) आता जुने झाले, नवे एएम५ घ्या, असे मला दोघातिघांनी सुचवले. पण एएम५ ला डीडीआर५ या नव्या प्रकारची रॅमच लागते, आणि बोर्ड व रॅम मिळून पडणारा फरक शेवटी ग्राफिक्स कार्डातूनच कापावा लागला असता.

गेमिंगच्या संगणकात सर्वांत जास्त पैसा ग्राफिक्स कार्डाला जायला हवा याबद्दल दुमत नाही. आमच्या बेरजेत त्याचा वाटा चाळीस टक्क्यांच्या जवळ गेला. घरातला मॉनिटर लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला, फुल एचडी आणि ७५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ७५ चित्रे दाखवणारा, होता. त्याच्या पलीकडची चित्रे काढणारे कार्ड घेणे म्हणजे बादली भरलेली असताना नळ सोडून ठेवणे. आरएक्स ६६०० हे ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेले ८ जीबीचे कार्ड फुल एचडीसाठी नेमके पुरते आणि १३२ वॅटमध्ये भागवते. त्याच्यासमोर आरटीएक्स ३०५० होते. त्याचे डीएलएसएस (लहान चित्र मोठे करून वेग वाढवणारे तंत्र) आणि रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारे तंत्र) चांगले, पण साध्या गेममध्ये ते मागे आणि किमतीला त्या आठवड्यात दोन हजारांनी पुढे होते. भाचा थ्रीडी ॲनिमेशन शिकणार असता तर मी तेच घेतले असते.

स्वस्त म्हणून आरएक्स ६५०० एक्सटी पुढे केले जाते, त्याबद्दल मात्र सावध करणे भाग आहे. त्यावर ४ जीबी मेमरी आहे आणि बोर्डाशी बोलायला पीसीआयई या जोडणीच्या चारच लेन (माहिती ये-जा करण्याच्या वाटा) आहेत. मेमरी भरली की सगळा भार त्या चार लेनवर येतो, आणि बी४५० सारख्या जुन्या, पीसीआयई ३.० च्या बोर्डावर त्या लेन निम्म्याच वेगाने चालतात, त्यामुळे कार्ड जिथे अडखळायला नको नेमके तिथे अडखळते. आरएक्स ६६०० ला आठ लेन आहेत आणि जुन्या बोर्डावरही त्याचे फारसे बिघडत नाही. साडेसहा हजारांत वापरलेले आरएक्स ५८० देतो असेही एकाने कळवले होते. ईथर या आभासी चलनाचे मायनिंग (ग्राफिक्स कार्डे राबवून चलन कमावणे) १५ सप्टेंबर २०२२ रोजी बंद झाल्यावर अशी रात्रंदिवस राबलेली कार्डे बाजारात ढिगाने आली. त्यातली काही अजून ठणठणीत असतीलही, परंतु ते कार्ड १८५ वॅट घेते. म्हणजे वाचवलेल्या पैशांच्या बदल्यात मी खोलीत ५३ वॅटची आणखी एक शेगडी ठेवणार होते.

रॅमच्या बाबतीत ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात, १६ ची एक घेऊ नये. एकाच विहिरीवर दोन मोटा चालाव्यात तसा हा प्रकार आहे. पाणी तेच, उपसा मात्र जवळजवळ दुप्पट होतो. पट्ट्या प्रोसेसरकडून मोजल्यास दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवाव्या लागतात, आणि नंतर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करावे लागते. नाहीतर ३२०० चे पैसे मोजून रॅम मुकाट्याने त्याहून कमी वेगाने चालत राहते. एसएसडी ५०० जीबीची घेतली, आणि या खरेदीतली माझी चूक कोणती असे कोणी विचारले तर ती हीच. एकटा जीटीए ५ शंभर जीबीहून अधिक जागा खातो. दोन हजार वाढवून १ टीबी घ्यायला हवी होती.

आता ज्या भागावर कोणी बोलत नाही त्या एसएमपीएसकडे, म्हणजे भिंतीतली वीज संगणकाला लागेल तशी करून देणाऱ्या डब्याकडे, येते. कॅबिनेटसोबत एसएमपीएस फुकट देतो, ४५० वॅटचा आहे, असे एका दुकानदाराने मोठ्या उदारपणे सांगितले. मी तो हातात घेतला तर तो भाजीच्या पिशवीइतकाही जड नव्हता. मग चष्मा लावून त्याच्या बाजूचे लेबल वाचले. वर मोठ्या अक्षरांत ४५० होते, खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १४ ॲम्पिअर लिहिले होते. बारा गुणिले चौदा म्हणजे १६८ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघेही याच १२ व्होल्टवर जगतात, आणि आमच्या दोघांची नोंदलेली बेरीजच १३२ अधिक ६५, म्हणजे १९७ वॅट होती. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यात दाखवून बेरीज फुगवलेली होती. पतसंस्थेत असा ताळेबंद कोणी आणला असता तर मी त्याला खुर्चीही दिली नसती. आम्ही ८० प्लस ब्राँझ या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राचा ५५० वॅटचा एसएमपीएस ४,४०० रुपयांना घेतला. त्याच्या लेबलावर जवळजवळ सगळे वॅट १२ व्होल्टच्याच रकान्यात होते, आणि उन्हाळ्यात संध्याकाळी आमच्याकडे दाब १८० व्होल्टपर्यंत उतरतो तोही त्याला झेपतो, कारण तो १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालण्यासाठी बनवलेला आहे.

कॅबिनेटवरून घरात दोन दिवस अबोला झाला. भाच्याला पुढून काचेचा, आत इंद्रधनुष्य फिरणारा डबा हवा होता. पुढून काच म्हणजे हवेची वाट बंद, आणि हवा हीच आपली अडचण. शेवटी पुढून जाळीचा, बाजूला काच असलेला आणि तीन पंख्यांचा कॅबिनेट ३,६०० रुपयांत मिळाला. दोन पंखे हवा आत घेतात, एक मागून बाहेर टाकतो. जाळीच्या आत काढून धुता येणारे फिल्टर असणे ही माझी अट होती, आणि तिचे कारण दिवाळीनंतर सर्वांना कळले. कपाशीचा हंगाम सुरू झाला की गावातल्या जिनिंगमधून आणि रस्त्याने जाणाऱ्या ट्रॅक्टरमधून रुईचे तंतू हवेत तरंगत असतात. डिसेंबरमध्ये मी फिल्टर काढला तेव्हा त्यावर करड्या रंगाचे नमद्यासारखे एक कापड तयार झाले होते आणि ते एका टोकाला धरून अख्खे सोलून निघाले. फिल्टर नसता तर हेच कापड ग्राफिक्स कार्डाच्या पात्यांमध्ये विणले गेले असते.

सगळे भाग आले तेव्हा बेरीज अशी झाली: प्रोसेसर ११,४००, मदरबोर्ड ६,२००, रॅम ३,४००, ग्राफिक्स कार्ड २०,३००, एसएसडी ३,३००, एसएमपीएस ४,४०० आणि कॅबिनेट ३,६००, एकूण ५२,६०० रुपये. एसएमपीएस आणि कॅबिनेट जळगावहून आणले, सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीत कॅबिनेटचे खोके मांडीवर घेऊन. बाकीचे मागवले. प्रत्येक वस्तूचे जीएसटीचे पक्के बिल घ्यावे, आणि मागवलेले खोके फोडताना मोबाइलवर चित्रीकरण करावे. वॉरंटीच्या वेळी शब्दाला कोणी किंमत देत नाही.

जोडणी दिवाणावर झाली. जिभाऊ, म्हणजे माझे वडील, खुर्ची ओढून बसले आणि पसरलेल्या खोक्यांकडे पाहून म्हणाले, "इतला पैसामा फ्रीज येस." त्यांना उत्तर देण्याच्या स्थितीत मी नव्हते, कारण एएम४ बोर्डाची एक खोड मी विसरले होते. प्रोसेसरसोबत मिळणारा पंखा बसवण्यासाठी बोर्डावरच्या प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्यांचे चार स्क्रू काढावे लागतात, आणि ते काढताच बोर्डामागची लोखंडी पाटी खाली गळून पडते. एका हाताने पाटी मागून धरायची, दुसऱ्याने पंखा सरळ वरून ठेवायचा, त्याला तळाशी आधीच लावलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारा लेप) पुसली जाऊ द्यायची नाही आणि चार स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळायचे, हे काम एका माणसाचे नाही. भाच्याने पाटी धरली. पहिल्यांदा बटण दाबले तेव्हा पंखे फिरले, पडदा काळाच राहिला. त्याने एचडीएमआयची वायर ग्राफिक्स कार्डाऐवजी बोर्डाच्या खाचेत लावली होती. ती बदलताच चित्र आले.

आणि मग मी कॅबिनेटवर हात ठेवला. बोटांना झिणझिण्या आल्या, अगदी मुंग्या चालाव्यात तशा. भाच्याला वाटले एसएमपीएस खराब निघाला, आणि खरे सांगायचे तर क्षणभर मलाही तसेच वाटले. पण दोष आमच्या घराचा होता. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळण्यासाठी दोन लहान कपॅसिटर असतात, त्यांचे मधले टोक लोखंडी डब्याला आणि तिथून अर्थिंगला जोडलेले असते. अर्थिंग धड असेल तर त्यातून झिरपणारा अत्यल्प प्रवाह मुकाट जमिनीत जातो. नसेल तर डब्यावर निम्म्या दाबाची वीज उभी राहते आणि हात लावणाऱ्या माणसातून वाट शोधते. आमच्या जुन्या वायरिंगमध्ये भिंतीवरच्या सॉकेटला तिसरे भोक होते, त्यामागे वायरच नव्हती. वायरमनने दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात खड्डा खोदला, पाइप पुरून भोवती मीठ आणि कोळसा भरला, आणि तिथून हिरवी वायर खोलीपर्यंत आणली. त्याचे २,६५० रुपये झाले. एकूण ५५,२५०. वरचे अडीचशे मी भरले. संगणकाच्या भागांच्या यादीत अर्थिंग कोणी लिहीत नाही, पण आमच्या गावातल्या जुन्या घरांत ते पहिल्या ओळीत असायला हवे.

दुसरा धडा इन्व्हर्टरने दिला. भारनियमनामुळे आमच्याकडे घरोघरी इन्व्हर्टर असतो, आणि तो असताना वेगळा यूपीएस कशाला, असे भावाचे म्हणणे होते. पहिल्याच वेळी लाईट गेली तेव्हा पंखा फिरत राहिला आणि संगणक बंद पडला. चांगला एसएमपीएस पुरवठा तुटल्यावर सुमारे १६ मिलिसेकंद तग धरतो. आमचा इन्व्हर्टर साध्या स्थितीत त्याहून जास्त वेळ घेऊन बॅटरीवर येत होता. त्याच्या मागच्या बाजूला यूपीएस असे लिहिलेले एक लहान बटण होते, जे बसवल्यापासून कोणी हलवले नव्हते. ते फिरवल्यावर बदल इतक्या झटक्यात होऊ लागला की गेममधला माणूस पळतच राहिला. दाब फार उतरला असेल तर या स्थितीत इन्व्हर्टर लवकर बॅटरीवर येतो, एवढा त्याचा तोटा आहे. तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा (चौकोनी लहरीची वीज देणारा) असेल तर हा मार्ग धरू नका, घरच्या विजेसारखी लहर देणारा साइन वेव्हचाच हवा.

भाच्याचा आवडता गेम व्हॅलोरंट पहिल्या दिवशी चाललाच नाही. विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी दोन्ही चालू लागतात, आणि आमच्या बोर्डावर ते बायोसमध्ये बंद होते. दहा मिनिटांचे काम, पण माहीत नसेल तर कार्ड परत पाठवण्यापर्यंत माणूस जातो.

मे महिन्यात खोली ४१ अंशांवर असताना मी आकडे लिहून घेतले. तासभर गेम चालल्यावर प्रोसेसर ८७ वर होता; त्याची मर्यादा ९० आहे. त्यावर सर्वांत स्वस्त उपाय कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्येच सापडला. मॉनिटर सेकंदाला ७५ चित्रे दाखवतो आणि कार्ड दीडशे काढत होते. ७५ ची मर्यादा घातल्यावर खेळात काही फरक पडला नाही आणि प्रोसेसर ७९ वर आला. खिडकीतला कूलर चालू असताना खोली सात-आठ अंशांनी उतरते हे वेगळेच, पण कॅबिनेट त्याच्या झोतात ठेवू नये. वाळ्यातून उडणारे थेंब बोअरच्या पाण्याचे असतात, आणि ते पाणी वाळल्यावर कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर धरतो तो मदरबोर्डावर धरावा अशी माझी इच्छा नाही. आम्ही टेबल कूलरच्या शेजारच्या भिंतीला लावले.

जिभाऊंनी महिनाभराने विचारले, "हाई पेटी कितली लाईट खास?" गेम चालू असताना मॉनिटरसह साधारण २५० वॅट, म्हणजे चार तासांना एक युनिट, असे मी सांगितले. त्यांनी खिडकीतल्या कूलरकडे पाहिले, तो किती खातो असे विचारले, आणि तोही दोनशेच्या आसपास जातो हे कळल्यावर पेपर उघडून वाचत बसले. येत्या मार्चच्या आत प्रोसेसरवर पंधराशे-अठराशेचा टॉवर कूलर, म्हणजे सोबतच्या पंख्याऐवजी मोठा उभा पंखा, बसवायचा आहे. तो कॅबिनेटच्या रुंदीत मावतो की नाही हे मोजायला भाच्याने पट्टी आधीच आणून ठेवली आहे.